ठाण्याच्या किल्ल्यातले धातू

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खणताना तांब्याचे कोरीव पत्रे हाती लागले. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे इसवी सन १०१७ मध्ये, केलेल्या दानाचा तो संस्कृत लेख. त्याचं इंग्रजी भाषांतर पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात छापून आलं. किल्ल्याच्या जागी आज मध्यवर्ती कारागृह आहे, तेव्हा ती जागा आतून बघण्याचा मोह आवरलेलाच बरा.

या ताम्रपटात धातू किती, असं विचारलं तर उत्तर कोण देतंय यावर सगळं अवलंबून. रसायनवाला म्हणेल एकच, तांबं. व्याकरणवाला म्हणेल, थांबा, मोजावे लागतील. दान म्हटलं की 'दा' आला. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव 'श्रीस्थानक' असं येतं, म्हणजे 'स्था' आला. हाच 'स्था' गावाला ठाणे म्हणून चिकटला, पोलिसांच्या चौकीलाही ठाणे म्हणून चिकटला, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी इथे आल्यानंतर कधीतरी 'स्टेशन'च्या मराठी पाटीवर स्थानक होऊन परतला. 'ठाणे स्थानक' ही पाटी वाचताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो, हे फलाटावरच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येणार?

आठवीच्या विज्ञानात धातू-अधातू असतात आणि त्याच दप्तरातल्या मराठीच्या पुस्तकात धातुसाधितं. लोखंड हाही धातू आणि 'कर', 'बस', 'जा' हेही धातू. एकाच उच्चाराचे दोन निराळे शब्द असावेत, असं समजून मुलं पुढे जातात. शब्द मात्र एकच आहे. संस्कृतातल्या 'धा' या क्रियेपासून तो आला. 'धा' म्हणजे ठेवणं, धारण करणं. वेदांत 'त्रिधातु' असा शब्द येतो, त्याचा अर्थ तीन पदरांचं, तीन थरांचं. म्हणजे सुरुवातीला धातू म्हणजे थर, घटक, ज्यावर बाकीचं रचलेलं असतं ते. चमक, कडकपणा, खणखणाट यांचा त्यात मागमूस नाही.

मग प्रत्येक शास्त्राने तो आपापल्या तळाशी नेऊन ठेवला. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात, शाकटायन या वैयाकरणाचं मत नोंदवलं आहे की सगळी नामं क्रियावाचक मुळांपासूनच निघतात. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात अशी सुमारे दोन हजार मुळं दहा गणांत लावलेली आहेत, आणि यादीत पहिला मान 'भू'चा, म्हणजे असण्याचा. प्रत्यय सोलून काढल्यावर जे उरतं ते वैयाकरणांचा धातू. मराठी व्याकरणकारांनी ही संज्ञा जशीच्या तशी घेतली: 'करणे'तला 'णे' काढा, 'कर' उरला.

वैद्यांचं सोलणं निराळं. वाग्भटाने सात धातू मोजले: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. अन्नाचा रस होतो, रसाचं रक्त, आणि असं एकातून एक पक्व होत सातव्यापर्यंत जातं, अशी ही कल्पना. शरीराला धारण करतात म्हणून धातू. या सातांपैकी शेवटच्यानेच पुढे शब्दाची बदनामी केली. रेल्वेलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या 'धातुदौर्बल्या'च्या जाहिराती लोकलच्या खिडकीतून ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. वीर्य गेलं की ताकद गेली, ही भीती इतकी खरी की तिच्यापायी थकवा, निराशा, झोप न येणं अशा तक्रारी घेऊन तरुण डॉक्टरांकडे येत. मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं, आणि आयुर्वेदातला शब्द मानसोपचाराच्या पुस्तकांत जाऊन बसला.

मला या सगळ्यात सर्वाधिक गुंतवतो तो बौद्धांचा धातू, आणि त्याचा पुरावा आपल्याच ठाणे जिल्ह्यातून निघाला आहे. निदान तेव्हा तो जिल्हा आपला होता. सोपारा २०१४ पासून पालघरमध्ये गेलं. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. लोक त्या उंचवट्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. मधोमध एक मोठी दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती आठ बुद्धमूर्ती: होऊन गेलेले सात बुद्ध आणि येणार असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात काय? खापराचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी जपून ठेवलेले.

स्तूपाला पालीत 'धातुगब्भ' म्हणतात, धातू ज्याच्या गर्भात आहे तो. सिंहलीतला 'डागोबा' त्याचाच. इथे धातू म्हणजे बुद्धाचे अवशेष. आजही बुद्धविहारांत 'अस्थिधातू' हा शब्द नेमक्या याच अर्थाने चालतो. बौद्ध परंपरा या धातूंचे प्रकारही करते. शरीराचे ते शारीरिक आणि बुद्धाच्या वापरातल्या वस्तू त्या पारिभोगिक. त्या हिशेबाने सोपाऱ्याच्या पेटीतलं तांबं, चांदी, सोनं ही नुसती वेष्टणं. खरा धातू आतल्या मातीच्या खापऱ्या. आजचा विद्यार्थी त्याच पेटीपुढे उभा राहिला तर नेमकं उलट उत्तर देईल, आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील.

तांबं-लोखंडाचा अर्थ मग आला कुठून? खडकातून. डोंगराच्या पोटातल्या रंगीत मातीला, गेरूला, खनिजाला संस्कृतात धातू म्हणत. मेघदूतातला यक्ष शिळेवर पत्नीचं चित्र काढतो ते 'धातुरागां'नी, म्हणजे गेरूसारख्या खनिजांच्या रंगांनी. खनिजापासून त्यातून गाळलेल्या पदार्थापर्यंत अर्थ सरकणं सोपं होतं. ग्रीकमध्येही हेच घडलं: 'मेटॅलॉन' म्हणजे मुळात खाण, मग खाणीतून निघालेलं, मग मेटल. पण आपल्याकडे ही जागा बराच काळ एकट्या 'धातू'ची नव्हती. रसशास्त्रात, म्हणजे पारा आणि खनिजांपासून औषधं करण्याच्या जुन्या विद्येत, 'लोह' हा शब्दही त्याच कामाला होता. रसरत्नसमुच्चयात सोनं-चांदीही लोहच, शिसं आणि कथील 'पूतिलोह', पितळ आणि कासं 'मिश्रलोह'. शार्ङ्गधर या वैद्याने मोजलेल्या खनिज सात धातूंत पितळ बसलं आहे, ज्याला आज आपण संमिश्र म्हणून बाहेर काढू. पुढे लोह एका पदार्थापुरता आक्रसला आणि धातू साऱ्या जातीचा झाला.

युरोपात तरी चित्र स्थिर होतं असं नाही. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. चकाकतात, वीज वाहून नेतात, पण सुरीने कापले जातात आणि पाण्यावर तरंगतात. धातू म्हणजे जड, ही समजूत इतकी पक्की होती की १८०८ मध्ये एर्मान आणि सिमोन यांनी त्यांना 'मेटॅलॉइड', म्हणजे धातूसारखे, म्हणावं असं सुचवलं. ते टिकलं नाही. १८११ मध्ये बर्झेलियसने तेच नाव चक्क अधातूंना दिलं, आणि आज ते धातू-अधातूंच्या सीमेवरच्या सिलिकॉनसारख्यांना लागतं, ज्यांना आपली पाठ्यपुस्तकं 'धातुसदृश' म्हणतात. सोडियमचा मात्र धातूंत कायमचा प्रवेश झाला. त्यामुळे ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरांत जे पांढरं वाळतं, त्यातही एक धातू दडलेला आहे असं रसायनशास्त्र सांगतं.

खगोलशास्त्रज्ञांनी तर कमाल केली. त्यांच्या लेखी हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेलं सगळं मूलद्रव्यांचं गणगोत 'धातू'. ऑक्सिजन धातू, कार्बन धातू, निऑनसुद्धा. सूर्याच्या वस्तुमानात या 'धातूं'चा वाटा दोन टक्क्यांहून कमी, तेव्हा त्यांना एका पोत्यात बांधणं त्यांना सोयीचं. इकडे ग्रहांचा अभ्यास करणारे सांगतात की गुरूच्या पोटात प्रचंड दाबाखाली हायड्रोजन धातुरूप होतो. म्हणजे ताऱ्यात जो एक हमखास धातू नाही, तोच ग्रहात धातू.

शुद्धलेखनाचाही थोडा गोंधळ आहे. १९६२ च्या नियमांनी शेवटचा उकार दीर्घ केला, म्हणून 'धातु'चा 'धातू' झाला. समासात मात्र तो ऱ्हस्वच, धातुपाठ, धातुसाधित. जुन्या पुस्तकांत ऱ्हस्व दिसला म्हणून लेखकाला नावं ठेवू नयेत.

नवी मुंबईत हा शब्द कुठे ऐकू येईल असं वाटलं तर कळंबोलीच्या लोखंड बाजारात जावं, असं मीही समजत होतो. ट्रेलर, क्रेन, वजनकाटा, जिकडेतिकडे पोलाद. बोलणं मात्र पत्रा, सळई, अँगल, चॅनेल, कॉइल, भंगार यांचंच. आणि सगळ्यांना मिळून एकच नाव, माल. तिथल्या एका काट्यावर मी 'इथे कोणकोणते धातू येतात?' असं विचारून पाहिलं. पावती फाडणाऱ्या माणसाने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, आयुर्वेदिक दुकान पनवेलला आहे."