अॅम्स्टरडॅममधील पर्यटक-भाड्याचे नियमन

राहते घर पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्यावर अॅम्स्टरडॅम महापालिकेने घातलेली बंधने. नेदरलँड्सच्या या राजधानीतील सतराव्या शतकातले कालव्यांचे वलय २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथली जुनी घरे अरुंद आणि जिने शिडीसारखे उभे असतात. एकाच जिन्यावर अनेक बिऱ्हाडे राहत असल्याने वरच्या मजल्यावर सतत नवे पाहुणे बॅगा ओढत चढू लागले की खालच्यांची झोपमोड ठरलेली. पण मूळ दुखणे घरटंचाईचे आहे. पर्यटकाला दिलेले घर तेवढ्या काळापुरते वस्तीतून वजा होते, असे तिथला गृहनिर्माण कायदा मानतो.

सुरुवातीला वर्षाला ६० दिवसांची मुभा होती. २०१९ पासून ती ३० रात्रींवर आली. एका वेळी चारपेक्षा जास्त पाहुणे चालत नाहीत. यजमानाची त्याच पत्त्यावर रहिवासी म्हणून नोंद हवी. सामाजिक गृहसंस्थांच्या (कमी भाड्यात घरे देणाऱ्या संस्थांच्या) भाडेकरूंना अशी परवानगी मिळत नाही. हाउसबोटीही या नियमांतून सुटलेल्या नाहीत. यजमान घरात राहून खोली देत असेल तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

नियम कागदावर सोपा, पण रात्री मोजायच्या कोणी? २०१६ च्या अखेरीस घरभाड्याच्या जाहिरातींचे संकेतस्थळ एअरबीएनबीने महापालिकेशी करार करून मर्यादा भरताच जाहिरात आपोआप थांबवायचे मान्य केले. मात्र एका संकेतस्थळावरची मोजणी दुसऱ्यावर लागू होत नाही, ही पळवाट उरलीच. म्हणून २०२१ मध्ये प्रत्येक जाहिरातीत नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला. शिवाय पाहुणे येण्याआधी दर वेळी महापालिकेला कळवावे लागते.

सरसकट बंदीचा प्रयत्न मात्र अंगाशी आला. जुलै २०२० मध्ये महापालिकेने जुन्या शहरातील तीन वस्त्यांत असे भाडे पूर्ण बंद केले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने बंदी रद्द ठरवली. कायदा परवाना व अटी घालू देतो, संपूर्ण मनाईला त्यात आधार नाही, असा निकालाचा आशय होता. हा धडा महागात पडला, तरी परवाना आणि रात्रींची मर्यादा कायम राहिली.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानुसार २० मे २०२६ पासून भाड्याच्या संकेतस्थळांनी रात्री व पाहुण्यांची माहिती प्रशासनाला देणे बंधनकारक आहे.