प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रंग का टिकत नाही?

लोखंडी कपाटावर वर्षानुवर्षे टिकणारा ऑइलपेंट प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मारला, की थोड्याच दिवसांत नखानेही त्याचे पोपडे निघतात. दोष बहुधा रंगाचा नसतो. मांडवात आणि अंगणात दिसणारी एकसंध साच्यातली खुर्ची पॉलिप्रॉपिलीनची असते. हे प्लॅस्टिक आणि बादल्या-डब्यांचे पॉलिथिलीन, या दोघांवर रंग धरणे फार कठीण.

पृष्ठभागावर द्रव पसरायचा असेल, तर द्रवाचा पृष्ठताण त्या पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा कमी हवा. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा जेमतेम ३०. म्हणून त्यावर पाणी थेंब होऊन बसते. थिनरवाल्या रंगांचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो, त्यामुळे ते बरेचदा नीट पसरतात आणि फसगत इथेच होते. पसरणे वेगळे, धरून राहणे वेगळे. पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. रंगातल्या राळेला, म्हणजे रंग बांधून धरणाऱ्या घटकाला, पकडायला त्यात ध्रुवीय गट (किंचित विद्युतभार असलेले अणुसमूह) नाहीत. शिवाय नेहमीच्या तापमानाला थिनर त्यात फारसा शिरत नाही. मिक्सरच्या किंवा टीव्हीच्या बॉडीत वापरतात त्या एबीएसचे उलट आहे. थिनर त्याचा वरचा थर किंचित मऊ करतो, रंगाचे रेणू त्यात गुंततात. थिनर जास्त झाला, तर मात्र त्याच एबीएसला बारीक तडे जातात.

म्हणून आधी प्लॅस्टिक ओळखावे. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात ५ किंवा पीपी असेल तर पॉलिप्रॉपिलीन, २ असेल तर जास्त घनतेचे पॉलिथिलीन. खूण नसेल तर आतल्या बाजूची छोटी कपची काढून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडावी. पॉलिप्रॉपिलीन (घनता ०.९) आणि पॉलिथिलीन वर येतात, एबीएस (१.०५) आणि पीव्हीसी तळाला जातात. खुर्चीत स्वस्ताईसाठी खडूची भुकटी भरपूर मिसळली असेल तर तीही बुडते, तेव्हा छापील खुणेवर जास्त भरवसा ठेवावा.

आता तयारी. सगळे काम इथेच आहे. उन्हात पडलेल्या खुर्चीला हात लावला की पांढरी पूड लागते. अतिनील किरणांनी तुटलेला तो थर आहे. त्यावर मारलेला रंग त्याच्यासकट सुटतो. भांड्यांच्या साबणाने खुर्ची घासून, वाळवून, ३२० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावत ती पूड पूर्ण जाईपर्यंत घासावी. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. फडके दर वेळी स्वच्छ घ्यावे, नाहीतर तेलकटपणा जागचा उठून शेजारी बसतो. घासल्याने रंगाला खाचा मिळतात, पण पॉलिप्रॉपिलीनसाठी तेवढे पुरत नाही.

त्यासाठी गाड्यांच्या रंगाच्या दुकानात बंपरचा प्लॅस्टिक प्रायमर, म्हणजे पकड वाढवणारा ॲडहेजन प्रमोटर मिळतो. त्यात बहुधा क्लोरीन जोडलेले पॉलिओलेफिन (पॉलिप्रॉपिलीन-पॉलिथिलीनच्या कुळातले प्लॅस्टिक) असते: त्याची साखळी पॉलिप्रॉपिलीनशी जुळते आणि क्लोरीनची बाजू रंगाशी. डब्यावर पीपी लिहिलेले आहे ना, ते बघून घ्यावे. हात अगदी पातळ द्यावा. जाड थर आतूनच फाटतो. वर रंग किती वेळात मारायचा ते डब्यावर असते, आणि ती मुदत गेली की पकड कमी होते. स्प्रे २० ते २५ सेंटीमीटरवरून, उघड्या हवेत, तीन-चार पातळ हातांत मारावा. माणूस बसला की खुर्चीचे पाय आणि पाठ वाकतात. कडक इनॅमल तिथे तडकतो, म्हणून प्लॅस्टिकसाठीचा लवचीक रंग घ्यावा.

कोकणातल्या पावसाळ्यात हे काम काढू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि रंग पांढुरका पडतो.

आठवड्याने, दिसणार नाही अशा जागी ब्लेडने २ मिलिमीटर अंतराच्या उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा माराव्यात, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकोन पट्टीबरोबर आले, तर वर आणखी रंग चढवून काही होत नाही. सगळा खरवडून पुन्हा साबणापासून सुरुवात. बादलीवर मात्र एवढी मेहनत करू नये. रोजचे पाणी, घासणी आणि आपटणे यांपुढे हा थर टिकणे अवघड.