कावळ्याविना दहावा

पुण्यात ओंकारेश्वराजवळ मुठेच्या घाटावर सकाळी कधीही जा, हा प्रसंग ठरलेला. भाताचे पिंड मांडलेत, वर काळे तीळ. गुरुजी घड्याळाकडे बघतायत, पलीकडे पुढचा दहावा ताटकळलाय, आणि सगळी मंडळी दहा-पंधरा पावलं मागे सरून झाडाकडे नजर लावून उभी. कावळे आहेत, पण शिवत नाहीत. मग घरातलं कुणी वडीलधारं पुढे होतं, हात जोडतं. "नाना, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत." कावळा ढिम्म. "बरं, जमिनीचं कोर्टाबाहेर मिटवतो." तरी नाही. कुणाला तरी आठवतं की नानांना चहा लागायचा, मग टपरीवरून कप येतो. एवढं करूनही नाहीच जमलं तर दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवायचा आणि मोकळं व्हायचं.

वरवर बघता हा मेलेल्याला जेवू घालण्याचा विधी आहे. मला तो नेहमी चौकशीसारखा वाटत आलाय. हा माणूस कशासाठी जगला, त्याचं काय करायचं राहून गेलं, आणि ते आता कोण करणार? उत्तर मंजूर करायचं काम तेवढं कावळ्याकडे. महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षं काही माणसांनी ते काम कावळ्याकडून काढून घेतलं आणि जिवंतपणीच स्वतःकडे ठेवलं. "कोणतेही धार्मिक विधी होणार नाहीत" अशी ओळ आज शोकवार्तेत दिसली की लोकांना ते नवं फॅड वाटतं, म्हणून ही मागची हकीकत.

शंका तशी फार जुनी आहे. चार्वाकांचं म्हणणं आपल्याला त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळतं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त ते सापडतं: श्राद्धात वाढलेलं अन्न जर मेलेल्याला पोचत असेल, तर गावाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच त्याच्या नावानं पान वाढावं. या प्रश्नाला कुणी धड उत्तर दिल्याचं मला माहीत नाही. पैठणला एकनाथांनी वेगळाच मार्ग काढला. महिपतींनी सांगितलेली कथा अशी, की श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या महारांना आला आणि नाथांनी ते अन्न त्यांनाच वाढून टाकलं. गावच्या ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, तेव्हा पितर स्वतःच पानावर येऊन बसले. श्राद्ध मोडायचं नाही, पण ते कुणाचं पोट भरतंय ते बघायचं. वारकऱ्यांनी तर मरणाची भीतीच बरीचशी काढून टाकली. आपलं मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिलं आणि तो सोहळा होता, असं तुकोबा सांगून गेले. पण हे सगळं देव मानणाऱ्यांच्या घरातलं. भटजीला वगळून मरणाची नीट व्यवस्था लावायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. पुरोहिताशिवाय लावलेली लग्नं गाजली, कारण लग्नात भांडायला दोन घरं असतात. मरणाच्या विधींकडे तितकं लक्ष गेलं नाही. फुले नास्तिक नव्हते. ते ‘निर्मिक’ मानत, फक्त निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दक्षिणा घेणारा कुणी नको एवढंच त्यांचं म्हणणं. १८८८मध्ये पक्षाघातानं उजवी बाजू गेल्यावर त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ डाव्या हातानं लिहून पुरं केलं. जन्मापासून मरणापर्यंतचे संस्कार पुरोहिताशिवाय कसे करावेत याचा विचार त्यात आहे. ते छापून आलं १८९१मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. आपल्याला जाळू नये, मिठात घालून पुरावं, ही त्यांची इच्छा होती. चरित्रकार सांगतात की घरामागे खड्डाही तयार होता, पण वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही आणि दहन करावं लागलं. पुढचा प्रसंग मला मिठापेक्षा मोठा वाटतो. प्रेतापुढे टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, कुणी धरायचं यावरून वाद निघाला. यशवंत दत्तक, म्हणून भाऊबंद आडवे आले. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढे चालू लागल्या. बाईनं स्मशानात पाऊल टाकायचं नाही असा तो काळ होता. सव्वासहा वर्षांनी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना लागण होऊन त्या गेल्या. त्यांच्या पिंडाला कावळ्यानं शिवायला वेळ लावला असता असं वाटत नाही.

आगरकरांचं प्रकरण याहून कोरडं आणि म्हणून जास्त अवघड. त्यांच्यापाशी निर्मिकही नव्हता. शिकत असतानाच त्यांनी आईला पत्र लिहून सांगून टाकलं होतं की मोठ्या पगाराच्या चाकरीची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी परहितात घालवणार. जगायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांनी विशीतच निकालात काढला, तोही आईची निराशा पत्करून. १८८८मध्ये ‘सुधारक’ सुरू झालं आणि पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. अडतीस वर्षांचं आयुष्य, त्यात दम्यानं पिच्छा पुरवलेला. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा उशाखाली एक पुडी सापडली, अशी आठवण सांगतात. आत वीस रुपये होते आणि स्वतःच्या दहनाच्या खर्चासाठी ते ठेवल्याची चिठ्ठी. फर्ग्युसन कॉलेजचा प्रिन्सिपल, आणि मागे राहणाऱ्यांना लाकडांसाठी हात पसरावा लागू नये म्हणून केलेली ही तजवीज. यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या देवपूजेच्या आड आगरकर कधी आले नाहीत. पुढे चार दशकं आणि जास्त त्या मागे राहिल्या. नवऱ्याच्या निरीश्वरवादाची किंमत समाज बायकोकडून वसूल करतो, हे आपण सुधारकांच्या चरित्रांत फार भरभर वाचून पुढे जातो.

एकेका माणसाच्या हट्टातून समूहाची रीत झाली ती नागपुरात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली एक सरळच आहे: मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. लाखो लोकांनी एका आवाजात हे म्हटलं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी तोवर दहावा होतच होता. त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत बाबासाहेब गेले. नव्या धम्मातलं पहिलं मोठं मरण खुद्द दीक्षा देणाऱ्याचं. रीत अजून बसायची होती, अनुभव कुणालाच नव्हता. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले, आणि चितेसमोरच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून जमलेल्यांनी धम्मदीक्षा घेतली. राहिलेलं काम कोण करणार, या प्रश्नाचं यापेक्षा थेट उत्तर मी तरी कुठे वाचलेलं नाही.

पुढे बौद्ध घरांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रुळला. त्रिशरण-पंचशील, मग चार माणसं गेलेल्याबद्दल बोलतात, मग जेवण. "हाही दहावाच की!" असं काहीजण नाक मुरडून म्हणतात. मला त्यात वावगं काही दिसत नाही. माणूस गेल्यावर घरात लोक जमायला निमित्त लागतं, ते कुठल्याही तत्त्वज्ञानानं सुटत नाही. बदल पाहायचा तर नावामागच्या उपाधीत पाहावा. शोकवार्तेत हिंदूंचे कै. आणि वारकऱ्यांचे वै., म्हणजे वैकुंठवासी, मुसलमानांचे पैगंबरवासी, ख्रिश्चनांचे ख्रिस्तवासी. प्रत्येकाचा पत्ता पक्का. बौद्धांनी ‘कालकथित’ हा शब्द आणला, परिवर्तनवाद्यांनी ‘स्मृतिशेष’. यांत पत्ताच नाही. (पुण्यात मात्र कितीही कडवा नास्तिक असला तरी महापालिका त्याला शेवटी वैकुंठातच पाठवते. स्मशानभूमीचं नावच ते.)

विधी नाकारणं ही एक गोष्ट, मरणाची वेळ स्वतः ठरवणं ही दुसरी. इथे आस्तिक-नास्तिकांची रांग अगदीच मोडते. जैनांत सल्लेखनेची परंपरा जुनी. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५मध्ये कुंथलगिरीवर ३६ दिवसांच्या उपोषणानंतर देह ठेवला. सावरकर बुद्धिवादी, गाईलाही उपयुक्त पशू म्हणणारे. पण आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक मांडताना १९६४मध्ये त्यांनी आधार घेतला तो संतांच्या समाधीचा. जीवितकार्य संपलं की आपण होऊन निरोप घ्यावा, हा त्यांचा मुद्दा. फेब्रुवारी १९६६च्या सुरुवातीला त्यांनी अन्न आणि औषध सोडलं, २६ तारखेला ते गेले. श्राद्ध-पिंड काही नको, हरताळ नको आणि दहन विद्युतदाहिनीत करावं, हे मृत्युपत्रात लिहिलेलं होतं, आणि चंदनवाडीला तसं झालं. विनोबा अंतर्बाह्य ईश्वरनिष्ठ. हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनीही पवनारला अन्न, पाणी, औषध थांबवलं. इंदिरा गांधी भेटून गेल्या, विनंत्या झाल्या, ते ऐकले नाहीत. १५ नोव्हेंबर १९८२, दिवाळीच्या दिवशी ते गेले. दोघांचं राजकारण एका ताटात न मावणारं, शेवट मात्र जवळजवळ सारखा. दोघांनाही खात्री होती की आपलं काम झालेलं आहे. ही खात्री कुठून येते ते मला कळत नाही, आणि ज्यांच्यापाशी ती नाही त्यांनी या उदाहरणांच्या नादी लागू नये असंही वाटतं.

कायदा या सगळ्याच्या बराच मागून आला. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला वाट दिली, पण अटी इतक्या किचकट की ते कुणी करेना. जानेवारी २०२३मध्ये त्या सैल झाल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मे २०२४मध्ये गोव्यात असं इच्छापत्र सर्वप्रथम नोंदवलं ते मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी.

देहदानाची वाट त्यामानानं सोपी आणि तिच्यात विचारधारेची अडचण नाही. १७ जानेवारी २०१० रोजी कोलकात्यात ज्योती बसू गेले, त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला गेला. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला चित्रकूटला संघाचे नानाजी देशमुख गेले. मूळचे मराठवाड्यातले कडोळीचे. त्यांचाही देह दिल्लीच्या एम्सकडे गेला. दोघांत सहा आठवड्यांचं अंतर. गंमत अशी की देहदानाचं काम करणाऱ्या कितीतरी संस्थांना नाव दधीचीचं, वज्रासाठी हाडं देणाऱ्या पुराणातल्या ऋषीचं. बाबा आमट्यांनी तिसरंच काही केलं. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना आनंदवनातच पुरलं, विधींशिवाय. ज्या जमिनीतून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांनी पीक काढलं, तिचंच खत झाले.

ओंकारेश्वराच्या घाटालगत पूल आहे, विठ्ठल रामजी शिंद्यांच्या नावाचा. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी फिरायला निघालेल्या नरेंद्र दाभोलकरांना त्या पुलावर गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते दीड दशकाहून जास्त सरकारदरबारी खेटे घालत होते, त्याचा वटहुकूम त्यानंतर आठवड्याभरात निघाला. काम राहिलंय हे सरकारला कळायला दहावा तरी उजाडावा लागला नाही.

आमच्या घरातलं सांगायचं तर मामांनी देहदानाचा फॉर्म भरून वीजबिलांच्या फायलीत ठेवला होता. ते रात्री अकराला गेले. फॉर्म भरला म्हणजे झालं असं नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला लागतो, जवळच्या नातेवाइकाची संमती लागते आणि काही तासांच्या आत शरीररचना विभागात पोचावं लागतं. मृत्यू अपघाती असेल, शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्ग असतील तर ते नाकारतात. डोळे आधी काढून घेतले तर चालतं. मोठे काका म्हणाले, "निदान तोंडात गंगाजल घाला." मामी म्हणाल्या, "घाला, त्यांना आता कळणार नाही," आणि सही करायला पेन मागितलं. गाडी गेली आणि घरात करण्यासारखं कुणालाच काही उरलं नाही. तो रिकामेपणा वाईट होता. तेरा दिवसांचा विधी माणसाला किती कामाला लावतो, ते त्या आठवड्यात समजलं.

दहाव्या दिवशी मी गेलो तर मामींनी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर दहीभात ठेवलेला. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "असंच हं. त्यांना आवडायचा." अर्धा तास आम्ही दोघं चहा घेत बसलो. कावळा काही आला नाही. कबुतरं आली, आणि मामी त्यांना फडक्यानं हाकलत राहिल्या.