लिंबू उतरवलं आणि बंदूक सुधारली

गड्ड्याच्या जत्रेत बंदुकीनं फुगे फोडताना नेम चुकला की सोलापुरात निदान ठरलेलं, "नळी वाकडी केलीय राव त्यानं". असेलही, पण नळी सरळसोट असून पण छर्रा वरखाली जातो आणि त्याचं कारण वेगात सापडतं.

हिशोब दहावीचाच आहे. 10 मीटर एअर रायफलचा छर्रा (शूटर पोरं पेलेट म्हणतात) 4.5 मिलिमीटरचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण 170-175 मीटर. हवेचा विरोध सोडून दिला तर 170 च्या वेगाने टार्गेटपर्यंत जाताना तो 17 मिलिमीटर खाली येतो, 175 ने गेला तर 16. म्हणजे वेगातल्या 5 मीटरच्या फरकाला 1 मिलिमीटर, आणि टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका केवढा, तर अर्धा मिलिमीटर! त्या 1 मिलिमीटरचे 0.4 गुण जातात, फायनलला तेवढ्यावर मेडल जातं.

आता माझा आवडता भाग. हल्लीच्या मॅच रायफलमध्ये सिलिंडरात 200 बारपर्यंत हवा भरलेली असते, कारच्या टायरच्या जवळपास 90 पट. ट्रिगर दाबला की हॅमर सुटतो, व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि तेवढी हवा पेलेटला ढकलते. मग सिलिंडर फुल असताना पेलेट सगळ्यात जोरात जाणार असं वाटतं ना? रेग्युलेटर (दाब सारखा ठेवणारा भाग) नसलेल्या बंदुकीत बऱ्याचदा उलटं होतं. वावटळीत गच्चीचं दार उघडून बघा, वारा बाहेरून रेटत असतो, तुम्ही खांदा मारता, दार बोटभर उघडतं आणि धाडकन बंद. वारा कमी झाला की तेवढ्याच धक्क्यात दार सताड उघडतं. व्हॉल्व्हचं तेच, आतला दाबच त्याला बंद धरून ठेवतो, त्यामुळे सुरुवातीला वेग कमी, मग दाब उतरतो तसा व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो आणि वेग वाढतो, मधे काही शॉट असे येतात की दाब कमी होतोय पण वेळ वाढतोय, दोन्ही एकमेकांना भरून काढतात आणि वेग जवळपास सपाट, नंतर मात्र दाबच उरत नाही.

रेग्युलेटर हीच कटकट मिटवतो, आत एका छोट्या कप्प्यात दर शॉटला ठरावीक दाब भरून ठेवतो. मग उरला हॅमरच्या स्प्रिंगचा स्क्रू. तो पाव-पाव फेरा आवळत प्रत्येक वेळी पाच शॉटचा वेग मोजायचा, वेग वाढत वाढत एका जागी अडतो, तिथून किंचित मागे यायचं, कारण तिथे हॅमर थोडा जोरात किंवा हळू आपटला तरी वेगाला फार फरक पडत नाही. यूट्यूबवरचे 'पॉवर वाढवा'वाले तो स्क्रू शेवटपर्यंत आवळतात, वेग तेवढाच राहतो आणि हवा फुकट जाते.

मोजायचं पण भान ठेवा. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) 168, 174, एकदा तर चक्क 412 दाखवायला लागला, मी हवा काढून दोन तास रेग्युलेटर खोलून बसलो. निघाली जुनी चोकवाली ट्यूबलाइट! ती सेकंदाला 100 वेळा लुकलुकते आणि सेन्सर बिचारा पेलेटची सावली शोधत असतो.

ओळखीतल्या एका पोराचा रोज पहिलाच शॉट वर जायचा. घरच्यांनी रेंजवर येऊन रायफलवरून लिंबू उतरवलं, पुढचे नऊ झकास! रेग्युलेटरचं सील बारीक गळत होतं, रात्रभर त्या कप्प्यात दाब चढायचा आणि पहिल्या शॉटला निघून जायचा. लिंबू उतरवलं होतं दुसऱ्या शॉटच्या आधी. सीलची ओ-रिंग (रबरी कडं) बदलल्यावर पहिला पण बसायला लागला.

आणि हो, मे महिन्यात सिलिंडर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. 20 अंशाला 200 बार भरलेली हवा 45 अंशाला 217 होते, आणि उन्हातली बंद गाडी 45 वर थांबत नाही.