डेव्ह स्टीब: विजयांच्या रकान्यामागे झाकला गेलेला पिचर

बेसबॉलच्या अमेरिकन लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, साय यंग पुरस्कार मिळतो. १९८२ साली तो मिलवॉकी ब्रूअर्सच्या पीट व्हुकोविचला मिळाला. त्याच्या नावापुढे १८ विजय आणि ६ पराभव होते. टोरांटो ब्लू जेजचा डेव्ह स्टीब १७ विजय आणि १४ पराभवांसह मतदानात चौथा आला.

आता त्याच वर्षाचे बाकीचे रकाने पाहू. स्टीबने २८८.१ इनिंग टाकल्या, व्हुकोविचने २२३.२. इथला टिंब दशांशचिन्ह नव्हे. क्रिकेटमध्ये ९.२ म्हणजे नऊ षटकं आणि दोन चेंडू, तसं इथे .१ म्हणजे इनिंगच्या तीन बादांपैकी एक. संगणकावर हे आकडे जसेच्या तसे भरले की पुढचं गणित थोडं थोडं चुकत जातं. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळून उरलेल्या धावांना ९ ने गुणायचं आणि इनिंगने भागायचं, की ईआरए निघतो. स्टीबचा ३.२५, व्हुकोविचचा ३.३४. व्हुकोविचने जवळपास ६५ इनिंग कमी टाकूनही १०२ वॉक, म्हणजे फुकटचे बेस, दिले. स्टीबने ७५. स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटरने चेंडू मैदानात न टोलवताच तीन स्ट्राइकवर झालेले बाद, स्टीबचे १४१, व्हुकोविचचे १०५.

मग पारडं तिकडे का झुकलं? कारण ‘विजय’ हा रकाना पिचरच्या नावावर असला तरी निम्मा संघाचा असतो. सामना सुरू करणाऱ्या पिचरला विजय मिळायचा तर त्याने किमान ५ इनिंग टाकायला हव्यात, तो बाहेर पडताना संघ पुढे असायला हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. त्या मोसमात ब्रूअर्सच्या फलंदाजांनी ८९१ धावा केल्या, ब्लू जेजच्या ६५१. सामन्यामागे साडेपाच आणि चार. १९८५ मध्ये स्टीबचा ईआरए २.४८ होता, लीगमध्ये सर्वांत कमी. तरी नोंद १४ विजय, १३ पराभव! क्रिकेटमध्ये गोलंदाजाची किंमत अशी कुणी ठरवत नाही.

वेगवेगळ्या काळातल्या आणि मैदानांवरच्या पिचरांची तुलना करायची तर नुसता ईआरए पुरत नाही. लीगच्या सरासरी ईआरएला पिचरच्या ईआरएने भागून १०० ने गुणतात आणि मैदानाचा परिणाम दुरुस्त करतात. हा झाला ईआरए प्लस. स्टीबचा कारकिर्दीतला आकडा १२२. याचा अर्थ ‘२२ टक्के कमी धावा’ असा लावणं ही नेहमीची चूक. १०० भागिले १२२ केलं की ०.८२ येतात, म्हणजे १८ टक्के कमी. त्याच काळातला पिचर जॅक मॉरिस याचा हाच आकडा १०५ आहे. पण मॉरिसकडे २५४ विजय होते, स्टीबकडे १७६. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, मॉरिस आहे, स्टीब नाही.

इथवर निकाल एकतर्फी वाटतो. तसा तो नाही. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन या आकडेवारीच्या अभ्यासकाने दाखवलं, की मैदानात टोलवलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरतात, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देतात, यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. म्हणून फिप या मापात फक्त होम रन (सहसा थेट मैदानाबाहेर गेलेले टोले), वॉक, अंगावर बसलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट धरतात: होम रनला १३, वॉक आणि अंगावरच्या चेंडूंना ३, स्ट्राइकआउटला उणे २. बेरजेला इनिंगने भागून त्यात लीगचा स्थिरांक मिळवतात. स्टीबचा कारकिर्दीतला ईआरए ३.४४, फिप मात्र ३.८ च्या आसपास. १९८५ चंच पाहा. त्याचे वॉक ९६, तर त्या वर्षी साय यंग जिंकणाऱ्या ब्रेट सेबरहेगनचे फक्त ३८. तो पुरस्कार अगदीच अन्यायाचा होता असं म्हणवत नाही.

ईआरए आणि फिपमधल्या फरकाचं काही श्रेय लॉइड मोसबी आणि जेसी बारफील्ड यांच्यासारख्या क्षेत्ररक्षकांचं. पण जवळपास २,९०० इनिंग हा लहान नमुना नव्हे. स्टीबचा स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा वेगवान चेंडू, बॅटच्या मधोमध बसू द्यायचा नाही, हे कारण मला नुसत्या नशिबापेक्षा जास्त पटतं. बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाचं वॉर हे खेळाडूच्या एकूण योगदानाचं एकत्रित माप दिलेल्या धावांवरून सुरू होतं आणि त्यातून क्षेत्ररक्षणाचा वाटा वजा करतं. तिथे स्टीबला सुमारे ५६ मिळतात. फॅनग्राफ्स हे दुसरं संकेतस्थळ फिपवरून हिशेब करतं, म्हणून तिथला आकडा बराच कमी.

नशिबाचा वाटा मात्र त्याने पुरेपूर भोगला. २४ सप्टेंबर १९८८ रोजी क्लीव्हलंडमध्ये एकही हिट न देता तो शेवटच्या बॅटरपर्यंत पोचला होता. दोन बाद, दोन स्ट्राइक. ज्युलिओ फ्रँकोचा साधा जमिनीवरचा चेंडू ऐनवेळी उसळून दुसऱ्या बेसवरच्या मॅनी लीच्या डोक्यावरून गेला. पुढच्याच सामन्यात, ३० सप्टेंबरला, पुन्हा दोन बाद, दोन स्ट्राइक आणि पुन्हा एक हिट. ऑगस्ट १९८९ मध्ये यँकीजविरुद्ध सलग २६ बॅटर बाद केल्यावर सत्ताविसाव्याने डबल, म्हणजे दोन बेसचा हिट, मारला. नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना, अखेर २ सप्टेंबर १९९० रोजी क्लीव्हलंडविरुद्ध झाला, ब्लू जेजच्या इतिहासातला पहिला.

दुसऱ्याच वर्षी दुखापतींनी गाठलं. १९९३ नंतर तो थांबला आणि १९९८ मध्ये ४१ व्या वर्षी थोडा काळ परतला. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागत असल्याने हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर नाव आलं ते २००४ साली. निवडीला ७५ टक्के मतं लागतात आणि ५ टक्क्यांच्या खाली गेलेलं नाव त्या मतपत्रिकेवरून कायमचं वगळलं जातं. स्टीबला ५०६ पैकी ७ मतं मिळाली.