पेगन: स्मॉल पी आणि कॅपिटल पी

इंग्रजीत पेगन शब्द दिसला की आधी बघायचं, पी स्मॉल आहे का कॅपिटल, कारण बरेच जण दोन्ही एकच समजून वाचतात आणि तिथेच घोळ होतो.

स्मॉल पी वाला पेगन म्हणजे दुसऱ्याने मारलेला शिक्का. लॅटिनमध्ये पागानुस म्हणजे खेडूत, किंवा सैन्यात नसलेला साधा माणूस. चौथ्या शतकात रोमन साम्राज्यातले ख्रिश्चन हा शब्द जे ख्रिश्चन नाहीत आणि ज्यूही नाहीत अशा सगळ्यांना सरसकट लावायला लागले, मग तो ज्युपिटरला बैल बळी देणारा सिनेटर असो, इसिस या इजिप्शियन देवीची भक्तीण असो नाहीतर मिथ्रा देवाला मानणारा शिपाई, सगळे एकाच पोत्यात. त्यांचा ना एक ग्रंथ ना एक देव. त्यामुळे 'पेगनिझम नावाचा प्राचीन धर्म होता' असं कुणी लिहिलं की मला खटकतंच. ३६१ ते ३६३ मध्ये सम्राट ज्युलियनने जुन्या देवांची पूजा परत जोरात सुरू करायचा प्रयत्न केला, पण तोही ग्रीकमध्ये लिहिताना आपल्या लोकांना हेलेनीज, म्हणजे ग्रीक, म्हणायचा. आणि पेगन म्हणजे नास्तिक हे तर साफ चूक, उलट देवळातले देव मानत नाहीत म्हणून रोमन लोकच ख्रिश्चनांना नास्तिक म्हणायचे!

कॅपिटल पी वाला पेगन मात्र लोकांनी स्वतःहून घेतलेलं नाव आहे, आणि ते अगदी अलीकडचं. ब्रिटनमध्ये जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ला रद्द झाला, १९५४ला जेराल्ड गार्डनरचं जादूटोण्यावरचं पुस्तक आलं, त्यातून विक्का हा जादूटोणा आणि निसर्गपूजा मानणारा पंथ पसरला. शिवाय प्राचीन केल्टिक पुजाऱ्यांचं नाव घेतलेले ड्रुइड आहेत, आइसलँडमध्ये थॉर आणि ओडिन या जुन्या नॉर्स देवांना मानणारे आहेत, त्यांच्या संस्थेला १९७३ला सरकारी मान्यता मिळाली. २०२१च्या इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत साधारण ७४ हजार लोकांनी धर्म पेगन लिहिला, विक्कावाले १३ हजार वेगळे. जुन्या देवांची नावं घेत असले तरी यांची परंपरा प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली नाही, ती नव्याने उभी केलेली आहे.

अर्थात सगळे संपादक कॅपिटलचा नियम पाळत नाहीत, तेव्हा वाक्य कुणाबद्दल आहे तेही बघावं लागतं.

हिंदूंना कुणी पेगन म्हणालं तर तो स्मॉल पी वालाच वापर. गोव्यात पोर्तुगीज हिंदूंना जेन्तीउ, म्हणजे विधर्मी, म्हणायचे तसलाच प्रकार, त्यावरूनच इंग्रजांचा जेंटू आला आणि १७७६ला लंडनमध्ये छापलेल्या हिंदू कायद्याच्या पुस्तकाच्या नावातसुद्धा तो आहे.