व्होल्टाच्या पिस्तुलापासून कार्बाइडच्या बंदुकीपर्यंत

२०२५ च्या दिवाळीत भोपाळसह मध्य प्रदेशात प्लास्टिकच्या नळीच्या ‘कार्बाइड गन’मुळे शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यात बहुतेक लहान मुलं होती. नंतर तिथं विक्रीवर बंदी आली. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांनी ही बातमी ‘तिकडची’ म्हणून सोडून देऊ नये. कार्बाइड आपल्याकडं नवं नाही. वेल्डिंगवाल्यांना ते ठाऊक आहे, आंबे-केळी झटपट पिकवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. वानरं आणि रानडुकरं हाकलायला आवाजाची बंदूक लागते, तीही कार्बाइडवर पाणी पडून निघणाऱ्या गॅसवर वाजते. आणि बंदूक कशी करायची याचे व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर आहेत.

या खेळाचा मूळपुरुष, विजेची बॅटरी शोधणारा व्होल्टा, मात्र मोठा माणूस आहे. १७६६ साली इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशनं धातू आणि आम्लापासून निघणारा ‘जळणारा वायू’, म्हणजे आजचा हायड्रोजन, नीट तपासून मांडला. दहा वर्षांनी इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टानं माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीनं ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले. तो मिथेन होता, आपल्या गोबरगॅसमधला. मग त्यानं असा वायू आणि हवा एका बंद भांड्यात भरली, विजेची ठिणगी पाडली आणि भांड्याचं बूच धाडकन उडवलं. व्होल्टाचं पिस्तूल ते हेच. बंद जागा, हवेत मिसळलेला वायू आणि ठिणगी, एवढीच त्याची करामत. आज नळी आणि गॅसलायटर जोडून पोरं जे करतात त्यात तत्त्वानं नवं काहीच नाही.

त्या काळी हे प्रयोग सरदार-जमीनदारांच्या दिवाणखान्यात करमणूक म्हणून चालत. त्यातला धोका कळायला वेळ लागला नाही. १७८३ मध्ये पॅरिसहून हायड्रोजनचा पहिला फुगा उडाला. १५ जून १७८५ रोजी पिलात्र द रोझिए हायड्रोजन आणि गरम हवा अशा जोड-फुग्यातून इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला आणि सोबत्यासह कोसळून मेला. हायड्रोजनच्या पोत्याखाली शेगडी पेटती ठेवायची, ही कल्पना आज वाचतानाही अंगावर काटा येतो.

कार्बाइड मात्र चुकून हाती लागलं. म्हणजे बाजारात आलं ते चुकून. प्रयोगशाळेत ते आधीच माहीत होतं. १८९२ साली अमेरिकेत टॉमस विल्सन विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम मिळवायच्या खटपटीत होता. चुना आणि डांबर तापवून निघालेला निरुपयोगी खडा पाण्यात पडला आणि गॅस फसफसून बाहेर आला. पेटवला तर धुरकट ज्योत. तो ॲसिटिलीन. पुढं खाणीत आणि सायकलींवर कार्बाइडचे दिवे आले, ऑक्सिजनच्या जोडीनं वेल्डिंग आलं. हा गॅस आडमुठा आहे. दाबाखाली ठेवला तर हवा नसतानाही स्वतःच फुटू शकतो. म्हणून सिलिंडरमध्ये तो नुसता कोंबत नाहीत. आत सच्छिद्र भरण असतं आणि गॅस ॲसिटोन नावाच्या द्रवात विरघळवलेला असतो. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के असतानाच पेटतो. ॲसिटिलीन अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत केव्हाही पेट घेतो. ‘प्रमाण चुकलं तर वाजणार नाही’ हा हिशेब इथं लागू पडत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कार्बाइडच्या खेळण्यातल्या तोफा विकायला आल्या. त्या धातूच्या होत्या आणि चिमूटभरच भुकटी आत सोडायची सोय त्यांच्यात होती. घरगुती नळीत यातलं काहीच राहिलं नाही. खडा किती टाकायचा ते पोराच्या हातावर, आणि प्लास्टिक फुटलं की त्याचे तुकडे उडतात. डोळे जातात त्याचं कारण याहून साधं आहे. बार लगेच होत नाही. पोरगं ‘का वाजेना’ म्हणून नळीत डोकावतं, आणि तेव्हाच बार होतो. ज्वाळेबरोबर कार्बाइड आणि पाण्यातून तयार झालेला चुनाही तोंडावर येतो. चुन्यासारखा अल्कली डोळ्यात आत आत शिरत जातो, त्यामुळं भाजणं त्या क्षणी थांबत नाही. अशा वेळी डोळा चोळायचा नाही, वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा-वीस मिनिटं सतत धुवायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा. तूप, दूध, लोणी काही घालायचं नाही.

सीमाभागात बाकी प्रत्येक गोष्टीला दोन सरकारांची दोन मतं असतात. कार्बाइडला मात्र बेळगावात आणि चंदगडात केंद्राचे एकच कॅल्शियम कार्बाइड नियम, १९८७. फळं पिकवायला ते वापरण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी मनाई आहे. तरी माल मिळतोच, कारण वेल्डिंगसाठी त्याची विक्री कायदेशीर आहे.

शाळेतला हायड्रोजनचा प्रयोग वेगळा, आणि तो बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. दहावीच्या पुस्तकात जस्त आणि विरल सल्फ्युरिक आम्लाचा गॅस साबणाच्या पाण्यातून सोडतात आणि बुडबुड्याजवळ मेणबत्ती नेतात. बुडबुडा फट् करून फुटतो, बस्स. घरी तेच करताना मुलं परीक्षानळीऐवजी दोन लिटरची बाटली घेतात. २० मिलिलिटरच्या जागी शंभरपट गॅस, तोही हवेत मिसळलेला. हायड्रोजनची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, त्यामुळं विझली असं वाटून हात पुढं जातो.